इन्फ्ल्युएंझा, न्युमोनिया आणि त्यांच्या लशी

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एक गोदीवर पहाऱ्यास असे. इन्फ्ल्युएंझाच्या साथीची ती सुरुवात होती. पहिली लाट ओसरली. परंतु सप्टेंबरात आलेली दुसरी लाट फार घातक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ माणसे दगावली.

ही माणसे केवळ फ्ल्यूनेच मेली काय? त्याच साथीत मृत्यू पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासण्यात आले, तेव्हा बहुतेकांत जंतुजन्य न्युमोनियाच्या खुणा आढळल्या. फ्ल्यूचा विषाणू श्वासमार्गाचे अस्तर दुखावतो. मग नाकाघशात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे न्युमोकॉकससारखे जंतू फुप्फुसांत उतरतात. एक दार मोडतो व दुसरा आत शिरतो. म्हणूनच या दोहोंविरुद्ध दोन निराळ्या लशी आहेत.

फ्ल्यूची लस

फ्ल्यूचा विषाणू आपले बाह्य रूप सतत पालटत असतो. त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरेशी पडेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा प्रचलित विषाणूंचा आढावा घेऊन लशीचे घटक सुचविते. पुण्यात फ्ल्यू पावसाळ्यात जोर धरतो, तर श्रीनगरात हिवाळ्यात. लस टोचल्यानंतर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून जेथे साथ पावसाळ्यात येते, तेथे ती पावसापूर्वी घेणे इष्ट. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने आरोग्यसेवक, गर्भवती स्त्रिया आणि दमा, मधुमेह, हृदयविकार यांसारखे जुनाट आजार असलेल्यांना ती घेण्याची शिफारस केली आहे. पासष्ट वर्षांवरील वृद्ध व सहा महिने ते आठ वर्षे वयाची मुले यांनाही ती देणे हितावह मानले आहे.

न्युमोकॉकसची लस

न्युमोकॉकसभोवती शर्करेचे कवच असते. कवचातील भेदांवरून त्याच्या सुमारे शंभर जाती ओळखल्या गेल्या आहेत. निव्वळ कवचापासून केलेली लस दोन वर्षांखालील बालकांना उपयोगी पडत नाही. त्यांचे शरीर त्या शर्करेस नीट ओळखत नाही. तीच शर्करा प्रथिनाशी जोडली, की प्रतिकारशक्ती जागृत होते.

आपल्या देशात कोणत्या जाती रोग पसरवितात, हे कळल्यावाचून योग्य लस निवडता येत नाही. हे शोधण्याचे काम बंगळूरच्या केंपेगौडा वैद्यकीय संस्थेच्या प्रयोगशाळेत झाले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा जातींविरुद्धची लस २०२० साली उपलब्ध झाली. सरकारी लसीकरणात न्युमोकॉकस लशीचा समावेश २०१७ मध्ये काही राज्यांत झाला व २०२१ मध्ये तो देशभर करण्यात आला. बालकास ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत दिली जाते. वृद्धांनी व जुनाट आजाराच्या रोग्यांनी कोणती लस केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांस विचारून ठरवावे.

गैरसमज

टोचावयाच्या फ्ल्यूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिने फ्ल्यू होत नाही. एक-दोन दिवस दंड दुखतो किंवा थोडी कणकण येते, इतकेच. लशीने प्रत्येक सर्दी टळत नाही हेही खरे. पण ज्या आजाराने माणूस रुग्णालयात पोचतो, त्याचे भय तिने पुष्कळ कमी होते. १९१८ साली मुंबईकरांपाशी यांपैकी एकही लस नव्हती.