पर्वतावरची डेझी बागेत का कुजते?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सदर्न आल्प्स पर्वताच्या उतारांवर एक मोठी डेझी उगवते. ती सूर्यफूल व शेवंती यांच्याच कुळातील. तिचे शास्त्रीय नाव सेल्मिसिया सेमिकॉर्डाटा. माओरी लोक तिला टिकुमू म्हणतात. तलवारीसारखी रुपेरी पाने, पांढरे फूल आणि मध्यभागी पिवळा गोंडा! वारा आणि बर्फ सोसणारी ही वनस्पती तिथल्याच सखल भागातील बागेत लावली, तर पुष्कळदा मुळाशी कुजते. असे का व्हावे?

मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद होते. उतारावरील खडकाळ मातीत मुळे ओली राहतात, पण बुडत नाहीत. बागेतल्या चिकट मातीत मात्र ती गुदमरतात.

आता केशाकर्षणाचा धडा आठवा. १ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी सुमारे १.५ सेंटिमीटर चढते, त्रिज्या ०.१ मिलिमीटर केली, तर १५ सेंटिमीटर. मातीतील पोकळ्या म्हणजे वेड्यावाकड्या केशनलिकाच. म्हणून बारीक मातीने भरलेल्या उथळ कुंडीत, तळाला भोक असूनही, पाणी जवळजवळ काठापर्यंत धरून ठेवले जाते.

मग तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा काय? त्याने उलट नुकसानच होते. बारीक माती आपले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी सोडत नाही. ओला थर तेवढ्याच उंचीचा राहतो. फक्त वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येतो!

हे घरी पडताळून पाहा. आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले, की तो न दाबता लांब बाजूवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच. वाढली ती केवळ उंची.

यावरून टिकुमूची लागवड कशी करावी हे ठरते. वाफा उंच करावा. भरड वाळू व बारीक खडी तळाशी न घालता मातीत सर्वत्र, सढळ हाताने मिसळावी. खोडाभोवती खडीचा थर द्यावा. उन्हाळ्यात पाणी तोडू नये. डोंगरावरची झाडे उपटून आणण्याऐवजी ताजे बी पेरावे.

आपल्या उन्हाळ्यात ही डेझी तगणार नाही. पण केशाकर्षणाचा नियम तुमच्या तुळशीच्या कुंडीलाही लागू आहे. तिची पाने पिवळी पडली, तर आणखी पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहा.