आपण कोठे आहात?

(अभ्यासपाठ. वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती २१:१४-१९)

हागारेची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. बैर-शेब्याच्या रानात मसकेतले पाणी संपले, तेव्हा तिने मुलाला झुडपाखाली ठेवले आणि स्वतः काही अंतरावर जाऊन बसली. त्याचे मरण तिला पाहवणार नव्हते. रडली ती, असे शास्त्र सांगते. परंतु देवाने ऐकली ती मुलाची वाणी, आणि तीही तो जेथे होता तेथून. सतराव्या वचनातील हे ‘जेथे’ आपण बहुधा वाचता वाचता ओलांडून जातो. आज त्याच्यापाशी थोडे थांबू, आणि त्यासाठी आपल्या काळातील एका सेवेकडे पाहू. संकटात सापडलेल्याचा दूरध्वनी घेणे आणि त्याच्याकडे मदत धाडणे, ही ती सेवा.

समजा, वेळांकण्णीची यात्रा आटोपून वसईचे एक कुटुंब तंजावरकडे निघाले आहे. तंजावर आपल्याला परके नाही. व्यंकोजीराजांच्या वंशाने तेथे राज्य केले, आणि दुसऱ्या सरफोजीराजांना घडविण्यात श्वार्ट्झ या मिशनऱ्याचा मोठा वाटा होता. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ राजांनी करविलेले संगमरवरी शिल्प आजही तेथील चर्चमध्ये पाहावयास मिळते. वाटेत कुंभकोणमजवळ दारासुरम् लागते. बाराव्या शतकात चोळ राजा दुसरा राजराज याने बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ पाहण्यासाठी हे कुटुंब तेथे उतरते. तेथील काही दगडी पायऱ्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात, अशी त्यांची ख्याती आहे. आजोबा त्या पायऱ्यांपर्यंत पोहोचतात आणि छातीवर हात ठेवून खाली बसतात.

सून १०८ क्रमांक फिरवते. हा दूरध्वनी कुंभकोणमच्या एखाद्या रुग्णालयात वाजतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो राज्याच्या नियंत्रण कक्षात वाजतो, आणि तामिळनाडूचा मुख्य कक्ष चेन्नईत, सुमारे तीनशे किलोमीटरांवर आहे. कानाला हेडफोन लावून बसलेल्या त्या मुलीला ना देऊळ दिसते, ना आजोबा. ती प्रथम विचारते ते ‘काय झाले’ असे नव्हे. ती विचारते, आपण कोठे आहात?

सुनेला या प्रश्नाचा राग येतो. माणूस मरावयास टेकला आहे आणि ही पत्ता विचारते! पण विचार करून पाहा. पुढच्याच क्षणी फोन तुटला आणि फक्त ठिकाण कळलेले असले, तर गाडी निघू शकते. आजाराचे सगळे वर्णन कळले आणि ठिकाण राहून गेले, तर जगातला निष्णात वैद्यसुद्धा जागचा हलू शकत नाही. मोबाइलवरून ठिकाणाचा अंदाज बांधता येतो हे खरे. तथापि नुसत्या मनोऱ्यावरून काढलेला अंदाज कधी कधी अख्खी पेठ व्यापतो. त्यातून सून घाईने म्हणते, “देवळाजवळ.” कुंभकोणम परिसरात हे म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे! कुंभेश्वर, सारंगपाणी, नागेश्वर अशी मोठमोठी देवळे तेथे जवळजवळ उभी आहेत. ‘दारासुरम्, ऐरावतेश्वराचे देऊळ, पुढचे प्रवेशद्वार’ एवढे सांगितले की काम झाले. भाषेची अडचण आली, तर फोन जवळच्या फुलवालीच्या किंवा रिक्षावाल्याच्या हाती द्यावा. त्यात संकोच कसला?

अशी एकच हाक कोठूनही मारता यावी, ही कल्पना जुनी नाही. १९३५ साली लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. शेजाऱ्याने टेलिफोन उचलला, पण एक्स्चेंजमध्ये त्याची हाक इतर साध्या हाकांच्या रांगेत तिष्ठत राहिली. त्या आगीत पाच स्त्रिया दगावल्या. त्यानंतर ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच एक्स्चेंजमध्ये गजर वाजे आणि लाल दिवा लागे. आपल्या देशात १०८ ची सेवा हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. ती तामिळनाडूत सप्टेंबर २००८ मध्ये आणि महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये आली. पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदत यांसाठी ११२ हा एकच क्रमांक २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला.

या सनावळीत कुंभकोणमकरांच्या काळजात रुतलेली एक तारीख आहे. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ बालके मृत्यू पावली. १०८ तेव्हा तामिळनाडूत नव्हता. तो असता तर ती मुले वाचली असती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गवती छप्पर कोणत्याही क्रमांकाची वाट पाहत नाही. त्याच २००४ साली दारासुरम्‌च्या देवळाचा जागतिक वारशात समावेश झाला. एकाच परिसराच्या इतिहासात या दोन नोंदी शेजारी शेजारी पडल्या आहेत.

आता पुन्हा त्या कक्षाकडे वळू. तेथे काम सामान्यतः दोघांत वाटलेले असते. एक जण ऐकतो, विचारतो आणि लिहून घेतो. दुसरा, ज्याला डिस्पॅचर म्हणतात, तो जवळची मोकळी गाडी शोधून तिला वाटेला लावतो. म्हणून प्रश्न विचारणारी मुलगी मदतीला उशीर करीत आहे असे समजू नये. ठिकाण कळल्यावर तिचे पुढचे प्रश्न चालू असतात, तोवर गाडी निघालेलीही असू शकते.

त्यांपैकी एक प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर जीव अवलंबून असतो. शुद्ध आहे का, आणि श्वास नीट चालला आहे का? घरचे लोक उत्तर देतात, “हो, घोरताहेत.” अनुभवी कान येथे सावध होतो. हृदय थांबल्यावरही काही काळ माणूस थांबून थांबून घशातून आवाज करीत आचके देतो. ते घोरणे नव्हे आणि श्वासही नव्हे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत कायमची हानी होऊ लागते, आणि तेवढ्या वेळात गाडी क्वचितच पोहोचते. तेव्हा फोनवरूनच सांगावे लागते : त्यांना पाठीवर सपाट निजवा, छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवा, जोराने आणि भराभर दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. पलीकडची व्यक्ती सुनेबरोबर मोठ्याने आकडे मोजते. जिचा चेहरा कधी दिसणार नाही अशा बाईचे हात ती केवळ आवाजाने चालविते. ही पद्धत फार जुनी नाही. फोनवरून द्यावयाच्या अशा सूचना क्रमवार बांधण्याचे काम अमेरिकेत १९७० च्या दशकात आकारास आले.

काही हाकांमध्ये शब्दच नसतात. फोन लागतो आणि पलीकडे नुसती शांतता असते. कोणी घरातल्याच माणसाच्या भीतीने बोलू शकत नसते, कोणाची वाचा गेलेली असते. असा फोन खोडसाळ समजून ठेवून देणे सोपे आहे, कारण खोडसाळ फोनही पुष्कळ येतात. मुले चेष्टेने लावतात, मद्यपी शिव्या देतात. तरीही पुढची शांतता नव्याने ऐकावी लागते. आता आपला शास्त्रभाग पुन्हा उघडा. मुलगा काय म्हणाला, हे तेथे लिहिलेले नाही. मोठ्याने रडल्याची नोंद आहे ती आईची, आणि तरी वाणी ऐकली गेली ती त्याची.

हागारेला पुढे विहीर दिसली, मुलगा पाणी प्याला, वाढला, तिरंदाज झाला. आपल्याला गोष्टीचा शेवट ठाऊक आहे. फोन घेणाऱ्यांच्या वाट्याला हे एकोणिसावे वचन बहुतेक वेळा येत नाही. गाडी पोहोचते, फोन बंद होतो, आणि आजोबा जगले की गेले हे कळण्यापूर्वीच दुसरा फोन वाजू लागतो. डोळ्यांनी काही न पाहता केवळ कानांनी मृत्यू ऐकणाऱ्यांच्या मनावरही खोल जखमा होतात, हे या कामाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदविले आहे. आपल्या मंडळीतील एखादी मुलगी अशा कक्षात रात्रपाळी करीत असेल. रविवारी ती उपासनेला दिसली नाही, तर तिला कारण विचारण्याची आपल्याला घाई होते. त्याऐवजी तिच्याकडे चहाला जावे. तिला बोलावेसे वाटले तर ऐकावे. नाही वाटले तर तसेच बसावे.

तरुण संघाने या पाठासोबत एक गोष्ट करून पाहावी. दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने आपल्या घराचे किंवा चर्चचे ठिकाण सांगावे. दुसऱ्याने आपण हे गाव कधी पाहिलेच नाही असे समजून ते लिहून घ्यावे. ‘आमच्या चर्चपाशी’, ‘पाटलांच्या वाड्यामागे’ हे शब्द चालणार नाहीत. गावाचे नाव, तालुका, मोठा रस्ता, ठळक खूण, आणि मोठी गाडी कोणत्या फाटकातून आत येऊ शकते, एवढे अर्ध्या मिनिटात सांगता यावे. पुष्कळांना ते साधत नाही. ज्या चर्चमध्ये आपला बाप्तिस्मा झाला तेथपर्यंतची वाटही सांगता येत नाही, हे ध्यानात येऊन आधी हशा पिकतो. मग सर्वांना मान्य होईल असा मजकूर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि चर्चच्या दारामागे, लहान मुलांनाही वाचता येईल इतक्या उंचीवर लावावा.