सारखा बंद पडणारा अँप्लिफायर : आधी मोजा, मग खोला

इंदापूर तालुक्यातील कळंब हे वालचंदनगरला लागून असलेले गाव. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात येथे साखर कारखान्याभोवती वसाहत उभी केली, तेव्हापासून या भागातील पोराबाळांचे हात यंत्राला सरावलेले आहेत. वेल्डर, फिटर, आर्मेचर वाइंडिंगवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन असे कारागीर येथे घरोघर सापडतात. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की भवानीनगर, बिजवडी, माळेगाव या कारखान्यांच्या वाटेवर रात्रभर ट्रॅक्टर चालतात आणि बहुतेक ट्रॅक्टरवर टेप वाजत असतो. तो बंद पडला की ड्रायव्हर थेट ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानापुढे ट्रॅक्टर उभा करतो. तक्रार एकच, “वाजता वाजता अँप बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप चालू होतो.” आजचा धडा या एका तक्रारीवर आहे.

आमची एक चूक आधी सांगतो. एका हंगामात अशाच तक्रारीचा अँप्लिफायर आमच्याकडे आला. टेबलावर घेतला, झाकण उघडले आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलून दिले. टेबलावर उत्तम वाजला. गिऱ्हाइकाने पैसे दिले आणि तिसऱ्या दिवशी तो परत आला. मग त्याने दुसरा नवा अँप घेतला. तोही तसाच बंद पडू लागला. शेवटी ट्रॅक्टरजवळ जाऊन मीटर लावला, तेव्हा कळले की काळी अर्थची वायर रंगावरच बोल्टने आवळलेली होती. कानसीने रंग खरवडला, लग नीट बसवला आणि जुना अँपसुद्धा हंगामभर वाजला. ट्रान्झिस्टरचे पैसे आम्ही परत केले, पण नव्या अँपचे पैसे गिऱ्हाइकाचे गेले ते गेलेच. पाच मिनिटांचे मोजमाप आम्ही आधी केले नाही, त्याची ही किंमत.

बंद पडणे हा आजार नव्हे

आजच्या बहुतेक अँप्लिफायरमध्ये स्वतःला वाचवण्याची सोय असते. टेपच्या आत बसवलेल्या टीडीए ७३८८ सारख्या आयसीमध्येही ती आहे. आउटपुट शॉर्ट झाले किंवा आयसी फार तापली, तर ती स्वतःचे काम थांबवते. वेगळा बसवलेला मोठा अँप याशिवाय सप्लायचा व्होल्टेज फार उतरला किंवा स्पीकरच्या तारेवर डीसी आला तरी बंद होतो. म्हणून अँप बंद पडला म्हणजे अँप बिघडला असे धरू नये. तो काहीतरी सांगतो आहे आणि ते समजून घेणे हेच आपले काम. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडून चालत नाही.

गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न

पान्हा हातात घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, बंद पडतो तेव्हा दिवा कोणता असतो? लाल किंवा ‘प्रोटेक्ट’ लिहिलेला दिवा लागत असेल तर अँपला सप्लाय मिळतो आहे आणि त्याने स्वतः काम थांबवले आहे. सगळेच दिवे विझत असतील तर बहुधा सप्लाय, अर्थ किंवा रिमोटची वायर तुटते आहे. व्होल्टेज फार उतरला तरीही काही अँपचे सगळे दिवे जातात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी, नेमका केव्हा बंद पडतो?

चालू करताच बंद पडत असेल तर स्पीकरच्या तारा शॉर्ट आहेत किंवा अँपच्या आत दोष आहे. ढोलकीच्या किंवा बासच्या ठोक्याला बंद पडत असेल तर व्होल्टेज उतरतो आहे किंवा स्पीकरचा भार जास्त आहे. वीस-पंचवीस मिनिटे वाजून बंद पडत असेल आणि गार झाल्यावर चालू होत असेल तर उष्णता. खड्ड्यात किंवा शेताच्या बांधावर आदळला की बंद होत असेल तर सैल जोड किंवा घासलेली तार. रेडिओवरून दुसरीकडे गेले की बंद होत असेल तर रिमोटची वायर चुकीच्या ठिकाणी जोडली आहे.

या पाच उत्तरांत निम्मे काम होते. शागीर्दाला सर्वप्रथम हेच पाठ करायला लावावे.

मीटर कोठे लावायचा

मोजमाप नेहमी गाणे मोठ्याने वाजत असताना करावे. बंद अवस्थेत सगळे बरोबरच दिसते, कारण वायरमधून करंटच जात नसतो.

१. बॅटरीच्या दोन टोकांवर. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. तेवढे चढत नसेल तर अल्टरनेटर, पट्टा किंवा रेग्युलेटर पाहावा, अँपला हात लावू नये.

२. अँपच्या प्लस आणि अर्थच्या स्क्रूवर. बॅटरीपेक्षा येथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर तो व्होल्टेज वाटेत खर्च होतो आहे.

३. अँपचा अर्थचा स्क्रू आणि बॅटरीचे मायनस टोक यांच्यामध्ये. येथे ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. आमच्या चुकीचे उत्तर या एका मोजमापात होते.

४. रिमोटच्या स्क्रूवर. अँप बंद पडतो त्या क्षणी येथील १२ व्होल्ट जातात का ते पाहावे. जात असतील तर दोष टेपकडे आहे.

बाजारातील बहुतेक टेपला पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची, निळी अँटेनाची आणि निळ्यावर पांढरी रेघ असलेली अँपच्या रिमोटची असते. साधी निळी आणि रेघेची निळी यांत गफलत होते. काही टेपमध्ये साध्या निळ्या वायरला रेडिओ चालू असतानाच व्होल्टेज मिळतो. अँप त्यावर जोडला तर रेडिओवर वाजतो आणि ब्लूटूथ किंवा पेनड्राइव्ह लावताच गप्प होतो. गिऱ्हाईक अँपला दोष देते, दोष रंग ओळखण्यात असतो.

वायरचा हिशोब

सर्वांत जास्त नुकसान बारीक वायरने होते. समजा अँप खरोखर ५० वॅटचे चार चॅनेल देतो, म्हणजे २०० वॅट. जुन्या पद्धतीचा अँप बॅटरीकडून घेतलेल्या शक्तीपैकी भरात वाजताना साधारण साठ टक्के आवाजात देतो, उरलेली उष्णता होते. म्हणजे तो सुमारे ३३० वॅट ओढतो. तेरा व्होल्टवर हा करंट २५ अँपिअर झाला.

आता बॅटरीपासून जीपच्या मागच्या भागापर्यंत पाच मीटर वायर धरा. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर एवढ्या करंटला सुमारे दीड व्होल्ट वाटेतच पडतो. चार चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट, तर दहाच्या वायरमध्ये पाव व्होल्टहून कमी. खराब अर्थ आणखी एक व्होल्ट खातो.

ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभा असतो. इंजिन बंद, टेप चालू. बॅटरी साडेअकरावर येते. त्यातून अडीच व्होल्ट वाटेत गेले की अँपला मिळतात नऊ. बरेच अँप दहा व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करतात. आवाज थांबताच करंट थांबतो, व्होल्टेज पुन्हा चढतो आणि अँप चालू होतो. ‘आपोआप बंद, आपोआप चालू’ या तक्रारीचे कोडे बहुतेक वेळा येथेच सुटते.

अर्थची वायर प्लसच्या वायरइतकीच जाड, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर असावी. लग दाबून बसवावा, दातेरी वॉशर घालावा आणि वरून ग्रीस लावावे म्हणजे गंज चढत नाही.

स्पीकरचा भार

गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. मीटरवर तो ३ ते ३.८ ओहम दाखवतो, ते बरोबर आहे. असे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो आणि करंट दुप्पट. दोन चॅनेल ब्रिज करून एक वूफर चालवताना प्रत्येक चॅनेलला त्याचा निम्माच ओहम जाणवतो. म्हणून ‘ब्रिजला ४ ओहम’ लिहिलेल्या अँपवर ४ ओहमचे दोन वूफर समांतर लावले तर तो जोराच्या ठोक्याला बंद पडणारच. असे दोन्ही वूफर वाजवायचेच असतील तर सिरीजमध्ये जोडावेत. आवाज थोडा कमी होईल, पण अँप टिकेल.

जुन्या गाड्यांत स्पीकरची एकच तार आणून दुसरे टोक बॉडीला दिलेले असे. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज असतो. त्यातली एकही बॉडीला लागता कामा नये. दाराच्या बिजागराजवळ घासलेली तार हा नेहमीचा गुन्हेगार. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा अँपमधून सोडवून बॉडीशी मीटर लावावा. ओहम दाखवला तर तार कोठेतरी सोललेली आहे.

उष्णता आणि धूळ

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यातच अँप सीटखाली, गोणपाटात किंवा वूफरच्या पेटीवर ठोकलेला असतो. त्याच्या पंखांमध्ये हवा खेळली पाहिजे. शक्यतो उभा, पंख वर-खाली राहतील असा बसवावा. उसाचा भुसा आणि माती महिन्यातून एकदा ब्रशने झाडावी. वूफरच्या पेटीवर ठोकल्यास हादऱ्याने आतले सोल्डरिंग तुटते.

आत केव्हा हात घालावा

सर्व स्पीकर आणि टेपकडून येणाऱ्या आवाजाच्या वायरी सोडवाव्यात. फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट ठेवून चालू करावा. तरीही लाल दिवा लागला तर दोष आत आहे, मग खुशाल उघडावा. दिवा हिरवा राहिला तर अँप बहुधा चांगला आहे. एकेक जोड लावत जावा, ज्या जोडाला लाल होईल तेथे दोष.

तीन गोष्टी कधीही करू नयेत

फ्यूज जळतो म्हणून त्याजागी तार किंवा चांदी बांधू नये. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवा, नाहीतर वाटेत शॉर्ट झाल्यावर वायर पेटते आणि बाजूला डिझेलचा टँक असतो. दुसरे, ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट असतात. त्यातल्या एकीवरूनच टेपला सप्लाय देऊ नये, एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्ही खराब होतात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावावा आणि तो अँपच्या अँपिअरला पुरेल इतका असावा. तिसरे, प्रोटेक्शनचे सर्किट काढून ‘आता बंद पडणार नाही’ असे सांगून अँप देऊ नये.

धंद्याची बाजू

आमचे म्हणणे असे की तपासणीचे वेगळे पैसे सांगून घ्यावेत. पान्हा उचलण्याआधीच सांगावे, “दोष शोधायचे इतके, दुरुस्तीचे नंतर बोलू.” मग अर्थचा बोल्ट घासून काम झाले तरी आपली मजुरी सुटते आणि न लागणारा माल गळ्यात मारण्याचा मोह होत नाही. एका वहीत चार आकडे लिहून ठेवावेत : बॅटरीवर किती, अँपवर किती, अर्थवर किती, स्पीकर किती ओहम. गिऱ्हाईक परत आले तर भांडणाऐवजी वही उघडता येते.

जाताना ड्रायव्हरलाही दोन शब्द सांगावेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा सार्वजनिक जागी लाउडस्पीकर वाजवण्यास मनाई आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन ट्रॉल्या मागे असताना मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. आपण बसवलेला अँप झोप उडवण्यापुरता वाजावा. तो ड्रायव्हर सकाळी घरी पोहोचला, तर पुढच्या हंगामात पुन्हा आपल्याच दुकानापुढे थांबेल.