जुन्या पिकअप गाडीतील इंधनदोषाची पारख

धानाची मळणी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास एकच घोर लागून राहतो. तो म्हणजे पोती खरेदी केंद्रावर वेळेत कशी पोहोचवावीत. पूर्वी हे काम बैलबंडीने होत असे. आता गावातील एखादी जुनी डिझेल पिकअप चार-पाच घरांचा माल वाहते. अशी गाडी जंगलातील रस्त्यावर बंद पडली तर कारागीर दूर असतो व माल उघड्यावर राहतो. म्हणून गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकास इंधनदोषाची प्राथमिक पारख असणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण पाहू. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानाने भरलेली एक पिकअप उभी असलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली. ती आठ-दहा किलोमीटर चाले व बंद पडे. थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होई. पंप बिघडला असे समजून तो रस्त्यावरच खोलण्यात आला व त्यात धूळ गेली. त्या रात्री अवकाळी पाऊस येऊन काही पोती भिजली. पंप दुरुस्त होऊन आल्यावरही गाडी तशीच बंद पडली, तेव्हा खरे कारण उमगले. टाकीचे झाकण हरवल्यामुळे तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली होती. डिझेल कमी होते तसतशी त्याच्या जागी टाकीत हवा यावी लागते. ती न आल्याने डिझेल ओढले जात नव्हते. पिशवी सोडण्यास काहीच खर्च नव्हता. पंपाच्या दुरुस्तीस मात्र धानाच्या विक्रीतील बराच पैसा गेला.

यावरून एक नियम ध्यानात ठेवावा : तपासणी टाकीपासून सुरू करावी व पंपास सर्वांत शेवटी हात लावावा.

इंधनाचा मार्ग

टाकीतील डिझेल नळीतून फीड पंपाकडे येते. तेथून ते फिल्टरमधून गाळून इंजेक्शन पंपात जाते. हा पंप ते मोठ्या दाबाने इंजेक्टरकडे पाठवितो. टाकीपासून इंजेक्शन पंपापर्यंतचा भाग कमी दाबाचा असून तो मालकास स्वतः तपासता येतो. त्यापुढील भाग जाणकाराकडेच सोपवावा.

लक्षणांवरून पारख

(१) सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत आहे असे समजावे. धूर मुळीच नसेल, तर ते वाटेत अडले आहे. अशा वेळी टाकीत डिझेल आहे काय आणि इंजिन बंद करण्याचा दांडा बंद स्थितीत अडकला नाही ना, हे प्रथम पाहावे.

(२) गाडी काही अंतर चालून बंद पडत असल्यास टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज झाला व गाडी नीट चालू लागली, तर झाकणाचे सूक्ष्म छिद्र चिखलाने बुजलेले आहे.

(३) गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, परंतु डिझेल कोठेही गळत नाही, अशा वेळी नळी हवा ओढत असण्याचा संभव असतो. फीड पंपापूर्वीच्या नळीत डिझेल ओढले जाते. म्हणून तेथील चिरेतून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. खात्रीसाठी स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर ठेवून त्यातून नवी नळी थेट फीड पंपास जोडावी. गाडी सुरळीत चालली, तर दोष टाकी व फीड पंप यांच्या दरम्यान आहे.

(४) चढावर ओढ कमी पडत असेल, तर बहुधा फिल्टर तुंबलेला असतो. काळा धूरही येत असेल, तर हवेचा फिल्टर व इंजेक्टर तपासून घ्यावेत.

डिझेलमधील पाणी

पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटत आला आहे. अशा भागात डिझेल पिंपात साठविणे ओघानेच येते. परंतु उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या बुचावर पाणी साचते व हळूहळू आत झिरपते. एक लिटर पाण्याचे वजन १ किलो, तर तेवढ्याच डिझेलचे सुमारे ८३० ग्रॅम असते. म्हणून पाणी तळाशी बसते. फिल्टरच्या तळचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी काढून टाकावे. पिंप छपराखाली ठेवावे व त्याच्या तळचे डिझेल गाडीत घालू नये.

हवा काढण्याची रीत

टाकी रिकामी झाली असेल किंवा फिल्टर बदलला असेल, तर मार्गात हवा राहते. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. प्रथम फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप मारीत असतानाच स्क्रू आवळावा. इंजेक्शन पंपावरील स्क्रूबाबत असेच करावे. त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये. मध्ये विश्रांती द्यावी, अन्यथा बॅटरी उतरते.

दक्षता

तपासणीच्या वेळी विडी किंवा कंदील जवळ नसावा. इंजेक्टरच्या नळीतील धार कातडी भेदून आत जाते, म्हणून गळती हाताने चाचपू नये. अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. वरील रीत केवळ यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांचे नळ स्वतः सैल करू नयेत.

धानाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी एक जादा फिल्टर, मीटरभर नळी, दोन क्लिपा व पान्यांचा संच गाडीत ठेवावा, आणि टाकीच्या झाकणाचे छिद्र मोकळे असल्याची खात्री करून घ्यावी.