पहिलेपणाचा मान

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेंत पहिला क्रमांक कोणाला नको असतो? परंतु आपणांस मिळालेला पहिलेपणाचा मान आपण होऊन दुसऱ्यास देणारे एक शास्त्रज्ञ मुंबईंत होऊन गेले. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

अपत्यहीन स्त्रीस आपल्या समाजानें फार बोल लावले. पुष्कळदां कारण इतकेंच असतें कीं, स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणारी नलिका बंद झालेली असते. यावर शास्त्रज्ञांनीं असा उपाय शोधला: पक्व स्त्रीबीज शरीरांतून काढून कांचेच्या पात्रांत पुरुषबीजाशीं त्याचा संयोग घडवावयाचा, व कांहीं दिवस वाढलेला गर्भ मातेच्या उदरांत ठेवावयाचा. या रीतीनें जगांतील पहिली मुलगी २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांतील ओल्डहॅम येथें जन्मली.

नाशिकहून मुंबईस गेलेल्या पुष्कळांनीं परळचें के. ई. एम. रुग्णालय पाहिलें असेल. तेथें ६ ऑगस्ट १९८६ रोजीं अशीच एक कन्या जन्मास आली. डॉ. इंदिरा हिंदुजा व शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या परिश्रमांचें तें फळ होय. भारतांतील पहिलें यश म्हणून त्याचा सर्वत्र गौरव झाला.

पुढें १९९७ सालीं आनंद कुमार कलकत्त्यास गेले असतां तेथील डॉ. सुभाष मुखर्जी यांचीं टिपणें त्यांच्या हातीं आलीं. मुखर्जींच्या प्रयत्नानें ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, म्हणजे ओल्डहॅमनंतर अवघ्या ७० दिवसांनीं, कलकत्त्यांत एक मुलगी जन्मली होती. गर्भ गोठवून राखण्याची युक्तिही त्यांनीं योजिली होती. परंतु सरकारी समितीनें त्यांवर विश्वास ठेविला नाहीं. उलट त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेंत झाली. १९८१ सालीं, खिन्न मनानें, त्यांनीं जगाचा निरोप घेतला.

आनंद कुमारांनीं तीं टिपणें बारकाईनें तपासलीं, आणि त्याच वर्षीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत लेख लिहून जाहीर केलें कीं, भारतांतील पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. आपल्या कीर्तीचा वाटा त्यांनीं स्वहस्तें दुसऱ्यास दिला.

मित्रहो, मुखर्जींनीं लिहून ठेविलें म्हणून सत्य टिकलें. आनंद कुमारांनीं निर्मळ मनानें वाचलें म्हणून तें प्रकट झालें. तेव्हां आपली प्रयोगाची वही नीट लिहीत जा. आणि शेजाऱ्याचें उत्तर आपल्या आधीं बरोबर आलें असेल, तर तसें मोकळेपणानें सांगत जा.