ट्रॉलीचा नट सैल का पडतो?



ऊस विकास खात्याने बेणे, खत आणि पाचट सोडून नट-बोल्टवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून आम्ही सारा हंगाम धडपडतो, आणि तोच ऊस कधी कधी एका नटापायी वाटेत अडकून बसतो. चाक निसटून एका अंगावर बसलेली ट्रॉली आपण सर्वांनी पाहिली आहे. ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. हे नुकसान सोसता येईल. पण निसटलेले चाक रस्त्याने सुसाट जाते, आणि समोरून मोटारसायकलवर कोण येत असेल ते सांगता येत नाही.

नट हादऱ्याने सैल पडतो, असे सगळेच म्हणतात. ते खरे, पण अर्धे. आधी बोल्ट धरतो कसा ते पाहू. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, रबरासारखा. डोळ्याला दिसत नाही एवढाच. तो आखडायला पाहतो आणि त्यामुळे मधल्या दोन पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जातात. पकड आहे ती या ताणाची. पान्याला आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, जवळजवळ ४० टक्के आट्यांत जातो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. म्हणून गंजलेल्या, चिखल भरलेल्या आट्यांवर "लई आवळलं बघा" म्हटले तरी आत ताण आलेलाच नसतो.

आता सैल पडण्याचे. १६ मिलिमीटरच्या बोल्टवर नट एक फेरा फिरला की २ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे आटा हा बोल्टभोवती गुंडाळलेला अगदी मंद चढ आहे, सुमारे २३ ला १. एवढ्या मंद उतारावरून नट आपणहून घसरत नाही. घर्षण त्याला धरून ठेवते. सुपाचे उदाहरण घ्या. सूप किंचित तिरपे धरले तर जोंधळे जागचे हलत नाहीत. त्याच सुपाला आडवे हिसके द्या, जोंधळे आडवे हलता हलता उताराकडे सरकू लागतात. नटाचे तसेच होते. पट्ट्या एकमेकींवर आडव्या सरकल्या की घर्षणाचे बळ तिकडे खर्ची पडते आणि उताराकडे नटाला अडवणारे काही राहत नाही. प्रत्येक हिसक्याला तो केसभर उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. उभ्या हादऱ्यापेक्षा आडवी सरक नटाला कितीतरी घातक असते. काळ्या रानातून निघताना भरलेली ट्रॉली डावी-उजवी डोलते, तेव्हा नेमकी हीच सरक घडते.

यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे स्प्रिंग वॉशर. त्यावर आमचा फारसा भरवसा नाही. नट पुरता आवळला की ती वॉशर चपटी होते, आणि चपटी झाली की साध्या वॉशरहून तिच्यात वेगळे काही उरत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० साली काढलेल्या बोल्टविषयीच्या पुस्तिकेतही हेच सांगितले आहे.

तेव्हा खरी रचना ती, ज्यात पट्ट्या सरकणारच नाहीत. वर्कशॉपात ट्रॉली बांधायला टाकताना मिस्त्रीला काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. भोक गॅसने जाळून पाडायचे नाही. ड्रिलने पाडायचे, आणि १६ च्या बोल्टला १७.५ मिलिमीटरपेक्षा मोठे नको. जोडाच्या पृष्ठभागांवर रंगाचे थर नकोत. रंग पुढे दबतो आणि तेवढा ताण निघून जातो. आडवा भार येतो तिथे ठोकळा वेल्ड करून घ्यावा, म्हणजे धक्का ठोकळा खाईल आणि बोल्टला फक्त दाबून धरण्याचेच काम राहील. बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेला घ्यावा, ४.६ च्या साध्या बोल्टपेक्षा तो दुपटीहून जास्त ताण सोसतो. आणि शक्य तिथे बोल्ट लांब घ्यावा, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते. २० मिलिमीटर पकडणाऱ्या बोल्टपेक्षा १०० मिलिमीटर पकडणारा तेवढ्याच जोरात पाचपट ताणला जातो. मग जोड थोडा दबला तरी त्याचा ताण फारसा उतरत नाही. जागा असेल तर डोक्याखाली जाड नळीचा तुकडा घालून ही लांबी मिळवता येते. खर्च नगण्य.

रेल्वेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. पूर्णा-अकोला मार्ग आपल्या वसमत-हिंगोलीवरून जातो. रूळ जिथे फिशप्लेट आणि बोल्टने जोडलेले असतात, तिथे प्रत्येक चाक सांध्यावर आपटते. म्हणून कीमन पाना-हातोडा घेऊन आपल्या टप्प्यातून पायी फिरतो. पुढे रेल्वेने रूळच वेल्ड करून लांब केले आणि सांधे कमी केले. रूळ स्लीपरला धरायला वाकवलेल्या जाड पोलादी क्लिपा आल्या. त्यांत आटेच नाहीत, मग सैल काय पडणार? त्या वॉशरसारख्या चपट्या होत नाहीत, कायम स्प्रिंगच राहतात. जिथे नट राहिले तिथे मात्र धोका राहिला. इंग्लंडमध्ये पॉटर्स बार येथे १० मे २००२ रोजी सांधेबदलाच्या जागचे नट निघून गेलेले होते. गाडी घसरली आणि ७ जीव गेले.

कुलूप घालणारे नट आहेत, पण प्रत्येकाचे काम निराळे. नायलॉनचे कडे असलेला नट चांगला. मात्र दोन-चारदा काढून घातला की कडे झिजते, मग नवाच घ्यावा. सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागी तो वापरू नये. दोन नट लावायचे तर पातळ नट आत आणि जाड बाहेर, आणि जाड आवळताना पातळ दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. आपल्याकडे बहुधा उलटेच करतात. खाचांचा नट आणि स्प्लिट पिन ताण टिकवत नाही, फक्त नट गळून पडू देत नाही. म्हणून ती हबच्या बेअरिंगसाठी योग्य, कारण तिथे नट घट्ट आवळायचाच नसतो. पिनेऐवजी तार किंवा खिळा घालू नये. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे का, हे मुले विचारतात. फिरण्याच्या दिशेने ते सैल न पडता आवळले जावे, म्हणून.

चाकाचे नट समोरासमोर आवळावेत, ओळीने नव्हे. चाक खोलून बसवले की पहिली भरलेली खेप झाल्यावर ते पुन्हा आवळावेत, कारण नवा जोड पहिल्या खेपेतच दबतो. मग प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेष ओढून ठेवावी. वजनकाट्याच्या रांगेत थांबलात की चालकाने खाली उतरून चाकांभोवती एक फेरी मारावी. रेष मोडलेली दिसली किंवा नटाखालून तांबूस गंजाचा ओघळ आलेला दिसला, तर नुसते आवळून पुढे जाऊ नये. ट्रॉली रिकामी करून तो नट काढावा आणि रिमचे भोक पाहावे. भोक लंबगोल झाले असेल तर रिम बदलावी. वेल्डिंगने बुजवून त्याच जागी नवे भोक पाडू नये.