हाताला लागलेले वळण

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड भट्टीत वितळते आणि त्याच्या सरळ, मजबूत सळ्या होतात. आच सोसल्यावाचून लोखंडास आकार येत नाही. कलेच्या विद्यार्थ्याचेही तसेच आहे.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊ लागले. अजिंठा जालन्यापासून फार दूर नाही. लेण्यांतील अंधूक उजेडात भिंतींवरील चित्रे न्याहाळून ते विद्यार्थी त्यांच्या हुबेहूब नकला करीत. हे काम कित्येक वर्षे चालले. पुढे त्या नकला लंडनला पाठविण्यात आल्या. १८८५ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील कितीतरी नकला जळून गेल्या. केवढी ही हानी! परंतु विद्यार्थ्यांच्या हातास लागलेले वळण कोणती आग जाळणार? त्यांच्यापैकीच पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले.

१९८१ मध्ये या कलाशाळेचे शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पदवीस जोडले गेले. ललित कलेच्या पदवीचा अभ्यास चार वर्षांचा असतो. आरंभी रेखाटन, रंगज्ञान व मातीकाम शिकावे लागते. मग चित्रकला, शिल्पकला यांसारखा एक विषय निवडावयाचा. जालन्याच्या मुलामुलींना असे शिक्षण जवळच, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात घेता येते.

पदवीचा कागद एके दिवशी हाती पडतो. हातास वळण मात्र रोजच्या रेघांनीच लागते.

स्वाध्याय
१. लोखंड व विद्यार्थी यांत कोणते साम्य दाखविले आहे?
२. नकला जळूनही काय उरले?